मांजर, मूत्रपिंड आणि प्राणवायू

म्हातारे मांजर कशाने मरते, हा प्रश्न एका पिढीपूर्वी पेण-रोह्यात फारसा कुणी विचारला नसता. मांजर घरचे असले तरी अर्धे गल्लीचे असे. भाताच्या कणगीभोवतीचे उंदीर धरायचे आणि बाजारातून आलेल्या मासळीची डोकी-शेपट्या खायच्या, एवढाच त्याचा घराशी व्यवहार. कुत्र्याने धरले, साप चावला, गाडीखाली आले, नाही तर एक दिवस नुसतेच दिसेनासे झाले. म्हातारपण बघायला ते क्वचितच उरे. आता नसबंदी झालेली, लसी घेतलेली, रात्री दाराआड झोपणारी मांजरे बारा-पंधरा वर्षे सहज जगतात. मग एक ठरलेली तक्रार कानावर येऊ लागते: पाणी फार पिते, लघवी फार करते, वाळत चालले आहे, तोंडाला वास मारतो. "वय झालं, दुसरं काय," असे म्हणून घरचे गप्प बसतात. या "वय झालं"च्या आत नेमके काय घडते, ते सांगण्यासाठी हे पुस्तक आहे.

पुष्कळदा त्या तक्रारीमागे जुनाट मूत्रपिंडविकार असतो. दहा वर्षांपुढच्या मांजरांत तो इतका आढळतो की पशुवैद्यक त्याला म्हातारपणाचा नेहमीचा आजार मानतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत पंधरा वर्षांपुढच्या मांजरांपैकी सुमारे ८० टक्के मांजरांत त्याची लक्षणे सापडली. या आजाराच्या मुळाशी असलेल्या अनेक प्रक्रियांपैकी एक म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, अर्थात प्राणवायूपासून तयार होणाऱ्या विध्वंसक रेणूंचा पेशींवर पडणारा ताण. पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे: हा ताण खरा आहे, मोजता येतो, आणि मूत्रपिंडाचे नुकसानही करतो, पण त्याचा उतारा बाटलीतल्या अँटिऑक्सिडंटमध्ये शोधण्यापेक्षा, तो ताण जिथून उपजतो तो भार हलका करण्यात शोधला पाहिजे.

मूत्रपिंडालाच हा ताण का बाधतो, ते आधी पाहू. मांजराच्या एका मूत्रपिंडात साधारण दोन लाख नेफ्रॉन असतात, म्हणजे माणसाच्या मानाने फारच थोडे. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळजवळ पाचवा हिस्सा दोन्ही मूत्रपिंडांतून जातो. गाळलेल्या पाण्यातून साखर, मीठ, अमिनो आम्ले परत ओढून घेण्याचे काम नेफ्रॉनच्या सुरुवातीच्या नलिका करतात. त्याला ऊर्जा लागते, म्हणून या पेशी मायटोकाँड्रियांनी ठासून भरलेल्या असतात. मायटोकाँड्रियात प्राणवायू वापरला जाताना थोडे इलेक्ट्रॉन निसटतात आणि सुपरऑक्साइड तयार होतो. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते, मग कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचे पाणी करून टाकतात. हे रेणू निव्वळ शत्रू नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात, पेशीपेशींतले निरोपही काही अंशी त्यांच्यावाटे जातात. उत्पादन जास्त आणि निचरा कमी झाला, की ताण सुरू होतो.

त्यात मूत्रपिंडाचा आतला गाभा मुळातच कमी प्राणवायूवर चालतो. रानमांजराच्या कोरड्या मुलखातल्या वंशामुळे मांजराची लघवी घट्ट असते, आणि ती घट्ट करण्याचे काम याच गाभ्यात होते. मांजराची आणखी एक खासियत म्हणजे त्याच्या नलिकांच्या पेशींत चरबीचे थेंब साठलेले असतात. निरोगी मांजराचे मूत्रपिंडही कापल्यावर पिवळसर दिसते ते त्यामुळे. चरबी आणि हे विध्वंसक रेणू शेजारी आले की काय होते, ते कोकणातल्या प्रत्येक घराला नाकाने ठाऊक आहे. पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या तारल्यांचा किंवा सुक्या बांगड्याचा डबा नीट लागला नाही, तर काही आठवड्यांत झाकण उघडताच खवट भपकारा येतो. माशातल्या असंतृप्त चरबीची प्राणवायूने केलेली ही मोडतोड आणि आजारी नलिकेतल्या पेशीपटलाची मोडतोड, दोन्हींचे रसायनशास्त्र एकच. पेशीतल्या अशा मोडतोडीतून निघणारे आयसोप्रोस्टेन नावाचे रेणू लघवीत उतरतात आणि प्रयोगशाळेत मोजता येतात.

या विषयाचा इतिहास मूत्रपिंडापासून सुरू होत नाही. १९५४ साली रेबेका गर्शमन या अर्जेंटिनाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की अति प्राणवायूची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांच्यामागे एकच यंत्रणा आहे: मुक्त कण, म्हणजे फ्री रॅडिकल. दोन वर्षांनी डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचेच खापर या कणांवर फोडले. १९६९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिस्म्यूटेजचा शोध लावला आणि शरीर या कणांविरुद्ध स्वतःचा बंदोबस्त ठेवते हे सिद्ध झाले. १९८५ मध्ये जर्मनीतल्या हेल्मुट झीस यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही संकल्पना रूढ केली. तिथून ती हृदयरोग, मधुमेह, मेंदूचे आजार करत मूत्रपिंडापर्यंत आणि माणसांकडून मांजरांपर्यंत पोहोचली.

मांजराच्या बाबतीत मात्र एक प्रकरण याआधीच लिहिले गेले होते. १९५०च्या दशकात निव्वळ तेलकट मासळीवर वाढवलेल्या मांजरांत एक विचित्र आजार दिसला. अंगातली चरबी पिवळी आणि कडक होई, पोटाला हात लावला तरी जनावर ओरडे. मासळीतल्या असंतृप्त चरबीचे ऑक्सिडीकरण रोखायला ई जीवनसत्त्व पुरत नव्हते. ते आहारात घालताच आजार टळला. रोजच्या रोज तारल्यांवर मांजर पोसणाऱ्या घरांना हे प्रकरण माहीत असायला हवे.

दुसरी गोष्ट रक्ताची. मांजराच्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिडीकरणाला सहज बळी पडणारे आठ गंधकयुक्त गट असतात. कुत्र्यात ते चार, माणसात दोनच. म्हणून कांदा-लसूण घातलेल्या कालवणाचा भात माणसाला चविष्ट आणि मांजराला घातक. अलिबागचा पांढरा कांदा गोड असला तरी मांजरासाठी तो कांदाच. पॅरासिटामॉलची गत याहून वाईट. ते निकामी करण्याची माणसाच्या यकृताची मुख्य वाट मांजराच्या यकृतात जवळजवळ बंद असते. औषधाचा विषारी अंश ग्लुटाथायोनचा साठा खाऊन टाकतो, रक्त चॉकलेटी पडते, आणि एका गोळीतही जीव जाऊ शकतो. तिथे अ‍ॅसिटिलसिस्टीन वेळेवर दिले तर मांजर वाचते, कारण ते ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवते. म्हणजे अँटिऑक्सिडंट हे औषध आहेच, जिथे तुटवडा हाच आजार असतो तिथे. जुनाट मूत्रपिंडविकारात मात्र ताण रोज नव्याने तयार होत असतो. या दोन परिस्थितींची सरमिसळ झाली, की दुकानदाराचे फावते.

मूत्रपिंड झिजते कशामुळे, याबद्दल संशोधकांचे चार-पाच पंथ आहेत. पहिला भाराचा. १९८०च्या दशकात बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडले की काही नेफ्रॉन गेले की उरलेल्यांवर जादा काम पडते, त्यांतला दाब वाढतो आणि तेही जातात. मग प्रथिने कमी द्यावीत का, यावर मांजरांच्या डॉक्टरांत पुष्कळ वाद झाला. दुसरा पंथ स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा. मूत्रपिंडाचा भाग काढलेल्या मांजरांवर १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेहमीइतके स्फुरद मिळालेल्यांच्या मूत्रपिंडात चुना साठला, कमी स्फुरद मिळालेल्यांत तो जवळजवळ दिसला नाही. तिसरा पंथ प्राणवायूच्या टंचाईचा: नलिकांभोवतीच्या केशवाहिन्या विरळ होतात, पेशी गुदमरतात, व्रणासारखे तंतू माजतात आणि ते तंतू आणखी केशवाहिन्या गिळतात. चौथा पंथ पेशींच्या म्हातारपणाचा. २०१३ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवले की आजारी मांजरांच्या नलिकांच्या पेशींत गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर, आखूड झालेली असतात. पाचवा जपानमधला. तोरू मियाझाकी यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडले की मेलेल्या पेशींचा कचरा उचलायला मदत करणारे एआयएम नावाचे प्रथिन मांजरात रक्तातल्या प्रतिपिंडाला इतके घट्ट चिकटून असते की गरजेच्या वेळी ते सुटतच नाही.

या पंथांपैकी कोण जिंकले, हे सांगायला पुस्तक बसलेले नाही. ऑक्सिडीकरणाचा ताण या सगळ्यांच्या वाटांवर भेटतो, हे ते दाखवू पाहते. जादा काम करणारा नेफ्रॉन जादा प्राणवायू जाळतो. रक्तदाब वाढवणारे अँजिओटेन्सिन पेशीतल्या सुपरऑक्साइड बनवणाऱ्या विकराला चालना देते. आतड्यातल्या द्रव्यापासून यकृतात तयार होणारे आणि एरवी लघवीवाटे जाणारे इंडॉक्सिल सल्फेट रक्तात साठून नलिकांत तेच करते. जुनाट सूज तेच करते. म्हणजे ताण हा आजाराचा एकमेव मूळपुरुषही नाही आणि निव्वळ साक्षीदारही नाही. तो कारणांना परिणामांशी जोडतो आणि परिणामांना पुन्हा कारण बनवतो. अशा चक्राला मध्येच एका जीवनसत्त्वाने अडवता येईल, ही अपेक्षा मुळातच फार भाबडी होती.

तरी ती तपासून पाहिली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ई व सी जीवनसत्त्वे आणि बीटा-कॅरोटिन घातलेल्या खाद्याने आजारी मांजरांतल्या डीएनए-हानीच्या खुणा कमी झाल्या. मनात आशा धरावी असा तो निष्कर्ष. पुढे २०१६ मध्ये, कुणाला औषध आणि कुणाला नुसती भरणी हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही अशा कडक पद्धतीने केलेल्या चाचणीत ई जीवनसत्त्वाने ना ताणाच्या मापांत फरक पडला ना रक्तक्षयात. २०१७ मध्ये लघवीतले आयसोप्रोस्टेन मोजले गेले तेव्हा ते आजाराच्या अगदी पहिल्या टप्प्यात चढलेले आणि पुढच्या टप्प्यांत उतरलेले दिसले. म्हणजे आग लागते ती घरच्यांना काही कळण्याच्या आधी. माणसांतही शरीराची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा चालू करणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची मोठी चाचणी २०१२ मध्ये हृदयनिकामीचे रुग्ण वाढल्याने थांबवावी लागली.

याउलट भार हलका करणाऱ्या उपायांचा हिशेब पाहा. लंडनच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी स्फुरद-कमी प्रथिनांचे खाद्य खाणारी मांजरे मध्यमानाने ६३३ दिवस जगली, ते न खाणारी २६४ दिवस. २००६ मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या अमेरिकी चाचणीत साध्या खाद्यावरच्या मांजरांपैकी २६ टक्क्यांना दोन वर्षांत रक्तात विषद्रव्ये चढण्याचा झटका आला, विशेष खाद्यावरच्या एकालाही नाही. लघवीतून प्रथिन जात असेल तर टेल्मिसार्टन आणि रक्तदाब चढला असेल तर अ‍ॅम्लोडिपिन, ही दोन्ही औषधे माणसांच्या दुकानातही मिळतात; मात्रा तेवढी डॉक्टरनेच ठरवायची. टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिन अडवले की सुपरऑक्साइडचा एक झराच आटतो. ताणावरचा खरा इलाज असा मागच्या दाराने होतो.

हे सगळे रायगडातल्या तालुक्याच्या गावी कसे जमावे, हा पुस्तकाचा दुसरा अर्धा विषय. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने उभे राहिले ते गाई-म्हशी, बैल, शेळ्या-कोंबड्यांसाठी, आणि ते बरोबरच होते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, महालक्ष्मीला टाटांचे लहान प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये उघडले. पण पिंजऱ्यात किंचाळणारे मांजर घेऊन रोह्याहून मुंबई गाठणे हा माणसाचाही कस पाहणारा प्रवास आहे. म्हणून गावात काय होऊ शकते ते आधी पाहायला हवे. क्रिएटिनिन माणसांच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. मूत्रपिंडविकारासाठी १९९८ पासून काम करणाऱ्या आयरिस या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या तक्त्यात ते डेसिलिटरला १.६ मिलिग्रॅमखाली असेल तर पहिला टप्पा, २.८ पर्यंत दुसरा, ५ पर्यंत तिसरा, त्यापुढे चौथा. अडचण अशी की साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन ठळकपणे चढत नाही. २०१५ पासून मिळू लागलेली एसडीएमए ही चाचणी त्याआधी बोलते, पण ती महाग आणि दूरची.

त्याआधीचा साधा पुरावा लघवीच्या थेंबात असतो. रिफ्रॅक्टोमीटर नावाची, हातात मावणारी दुर्बीणवजा नळी असते. तिच्या काचेवर लघवीचा एक थेंब टाकायचा, झाकण मिटायचे आणि खिडकीकडे तोंड करून एका डोळ्याने पाहायचे. निळ्या आणि पांढऱ्या भागांमधली रेघ १.०३५ च्या वर असेल तर मूत्रपिंड पाणी राखून आहे. रेघ पुन्हा पुन्हा १.०१२ च्या आसपास घुटमळत असेल, तर वाटीत कितीही पाणी ओता, ते नुसते आरपार जाते आहे. कागदी पट्टीवरचा घनतेचा रंग मांजरांत भरवशाचा नाही, हे इथे ठासून सांगितले पाहिजे. आणि घरी वजनकाटा हवाच. २०१६ मधल्या एका अभ्यासात निदानाच्या आधीच्या वर्षभरात मांजरांचे वजन जवळजवळ नऊ टक्क्यांनी घटलेले आढळले. चार किलोच्या मांजराचे ३६० ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत, काट्याला दिसतात.

आहाराची बाजू इथे नाजूक आहे. खारेपाटातल्या घरात जिताड्याचे डोके, कोळंबीची टरफले, मूठभर सुकट आणि भात हे मांजराचे ताट. डोकी-काट्यांत स्फुरद भरपूर, सुकटीत मीठ भरपूर. विशेष खाद्याची पिशवी परवडत नसेल किंवा मांजर तोंड लावत नसेल, तर काय काढायचे आणि काय ठेवायचे, याचा व्यवहारी विचार पुस्तकात आहे. नुसता दहीभात घालणे हा त्यावरचा मार्ग नव्हे; मासे-मांसातून येणारे टॉरिन हे अमिनो आम्ल न मिळाल्यास मांजराचे हृदय आणि डोळे जातात. रोह्याच्या वाचकाच्या मनात धाटावचे रासायनिक कारखानेही येतील. पण हाच आजार याच रूपात लंडनच्या सदनिकेतल्या आणि टोकियोच्या घरातल्या मांजरालाही होतो, तेव्हा हवेला दोष देऊन ताटाकडे आणि पाण्याच्या वाटीकडे दुर्लक्ष करणे महागात पडेल.

वेदनाशामकांचा धडा तर रायगडाने गिधाडांकडून घेतला आहे. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावच्या माणसांनी उरलेली गिधाडे जपली. त्या विषबाधेतही नलिकांच्या पेशींतला ऑक्सिडीकरणाचा ताण संशोधकांना दिसला आहे. मांजरांत मेलॉक्सिकॅमच्या वारंवार वापराबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये ठळक इशारा छापायला लावला. लंगडणाऱ्या म्हाताऱ्या बोक्याला घरातली दुखण्याची अर्धी गोळी घालणारा हात थांबला, तरी पुस्तकाचा खर्च वसूल झाला म्हणायचा.

आज या विषयाची निकड दोन बाजूंनी आहे. एकीकडे "किडनी सपोर्ट" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या आणि पावडरी मोबाइलवरून थेट पेणच्या आळीत पोहोचतात. त्यांतल्या बहुतेकांवर अँटिऑक्सिडंट हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. दुसरीकडे खऱ्या नव्या वाटा उघडत आहेत. प्राणवायू कमी पडल्याचे पेशीला कसे कळते, या शोधाला २०१९ चे नोबेल मिळाले. त्याच यंत्रणेवर काम करणाऱ्या मोलिडुस्टॅट या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडविकारी मांजरांच्या रक्तक्षयासाठी सशर्त मान्यता मिळाली. या दोहोंतला फरक ओळखायला वाचकाला रसायनशास्त्राची पदवी लागू नये, पण थोडी समज लागते.

ती समज देणे एवढेच या पुस्तकाचे काम. ते तिघांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे: घरी म्हातारे मांजर असलेला माणूस, गुरांचे दवाखाने सांभाळता सांभाळता मांजरे पाहू लागलेला तरुण पशुवैद्यक, आणि जीवशास्त्र शिकणारा विद्यार्थी. पहिल्याने आहार, पाणी, वजन आणि कातडीखालच्या सलाईनची प्रकरणे आधी वाचावीत आणि रसायनशास्त्राकडे मागाहून वळावे, तिसऱ्याने उलट. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या टप्पा, रक्तदाब आणि पोटॅशियम पाहूनच ठरतात. जिथे संशोधकांत मतभेद आहेत तिथे दोन्ही बाजू मांडल्या आहेत, आणि लेखकाचा कल कुठे आहे तेही लपवलेले नाही.

एक गोष्ट मात्र वाचकाकडून हवी आहे. या पुस्तकातले बहुतेक आकडे डबाबंद आणि पिशवीतले खाद्य खाणाऱ्या परदेशी मांजरांचे आहेत. मासळी-भातावर वाढलेले, उन्हाळ्यात कौलाखाली आणि पावसात चुलीपाशी झोपणारे मांजर त्यांत नाही. म्हणून शेवटी एक साधा तक्ता जोडला आहे: वय, महिन्याचे वजन, लघवीची घनता, क्रिएटिनिन, रक्तदाब, आणि ताटात रोज काय पडते. पेण-रोह्यातल्या दवाखान्यांनी आणि घरांनी तो चार-पाच वर्षे नेटाने भरला, तर पुढच्या आवृत्तीतली आहाराची प्रकरणे लंडनच्या नव्हे, इथल्या मांजरांच्या आधारावर लिहिता येतील. तेव्हा यातली काही विधाने खोडावी लागली, तर ती आनंदाने खोडू.